आह माच्या आईचा घास

सिंगापूरहून परतल्यावर आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या बायकांनी मला घेरून दोनच गोष्टी विचारल्या. तीन इमारतींवर जहाज ठेवल्यासारखं ते हॉटेल आतून पाहिलं का, आणि तिथे रस्त्यावर थुंकलं तर खरंच दंड होतो का. हॉटेल मी बसमधून पाहिलं आणि थुंकून काही पाहिलं नाही. मग एवढे दोन महिने केलंत काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होता. त्याचं उत्तर लिफ्टपाशी उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

श्रावण, हौगांग

२०१३चा श्रावण संपत आला होता तेव्हा मी तिथे पोचले. माझा मुलगा निखिल चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटीत आहे, सून केतकीचं ऑफिस तांजोंग पगारला, आणि नात तन्वी चौथीत. यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा महालय दरवर्षी निखिल ठाण्याला येऊन करायचा; या वर्षी रजा मिळत नव्हती. "आई, तूच इकडे ये. इथेच करू," म्हणाला. पितर व्हिसाशिवाय येतात, मलाच तेवढा तो काढावा लागला.

हौगांग म्हणजे सिंगापूरच्या चित्रातलं सिंगापूर नव्हे. एकासारख्या एक उंच सरकारी इमारती, खिडक्यांतून बाहेर काढलेल्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे, मधे हिरवळ, कोपऱ्यावर बाजार. इमारतींचा तळमजला मोकळा सोडतात. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे बाकं आणि दगडी टेबलं असतात, आणि म्हातारी माणसं तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतात. हे शेवटचं पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पहिल्याच सकाळी मी खाली फिरायला उतरले. हिरवळीच्या कडेला एक चिनी म्हातारी उकिडवी बसली होती. फुलाफुलांचा सैल सदरा, तशीच विजार, पांढरे केस कानामागे क्लिपने घट्ट बसवलेले. तिने गवतावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर भाताची वाटी, एक भाजी आणि दोन संत्री मांडली, शेजारी उदबत्त्या खोचल्या आणि हात जोडून उठली. आता हे पाहून कुठल्याही मराठी बाईला जे वाटेल तेच मला वाटलं: कुणाची तरी तिथी आहे, घास ठेवलाय आणि कावळ्याचा पत्ता नाही. बिचारी एकटी आहे, आपण मदत करावी. मी मान वर केली आणि चांगल्या खणखणीत आवाजात हाका मारायला लागले, "काव, काव, काव!"

वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवलेला आवाज आहे माझा. कावळा आला नाही, पण झाडावरच्या सगळ्या साळुंक्या खाली उतरल्या आणि भातावर तुटून पडल्या. म्हातारी किंचाळली, "नॉट फॉर बर्ड! नॉट फॉर बर्ड!" शेजारी पडलेला पंखा उचलून ती साळुंक्यांच्या मागे धावली आणि तिच्या मागे माफी मागत मी. मग तिने थांबून माझ्याकडे नीट पाहिलं, माझी नऊवारी नव्हे पण सुती सहावारी, पायातले कॅनव्हासचे बूट, आणि हसायला लागली. पुढचे दोन दात नव्हते. मलाही हसू आवरेना.

वर आल्यावर तन्वीने कपाळावर हात मारला आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडून म्हणाली, "आजी, यू कान्ट डू दॅट, लाह! ते घोस्ट्सचं असतं." मग तिने मला शिकवलं. चिनी लोकांचा हा सातवा महिना. या महिन्यात मेलेली माणसं सुटीवर येतात. ज्यांचं घरदार आहे ती आपापल्या घरी जेवतात, आणि ज्यांचं कुणीच नाही ती रस्त्यावर भटकतात. हे रस्त्यावरचं जेवण त्यांच्यासाठी. म्हणजे मी कुणाच्या तरी भुकेल्या भुताच्या तोंडचा घास पक्ष्यांना वाटला होता.

संध्याकाळी मी साखरेच्या पुऱ्या तळून डबा घेऊन तिच्याकडे गेले. ती आमच्याच मजल्यावर, तिसऱ्या दारात राहत होती. सगळी मुलं तिला आह मा म्हणतात, म्हणजे आजी. मीही तेच म्हणायला लागले आणि ती मला आंटी. तिच्यापुढे मी वीस वर्षांनी लहान, पण सिंगापुरात केस पिकलेली प्रत्येक बाई आंटी. ऐन उमेदीत तिने एका गोऱ्या कुटुंबाकडे कपडे धुण्याचं काम केलं होतं, तेव्हा उचललेलं मोडकं इंग्रजी तिच्याकडे होतं. माझं इंग्रजी व्याकरणशुद्ध, पण बोलायची वेळ आली की ते पाठ फिरवतं. दोघींचं मिळून एक धड इंग्रजी व्हायचं. पुढे जे लिहिते आहे ते मी माझ्या मराठीत लिहिते आहे.

भाद्रपद, व्हॉइड डेकवर

गणपती झाले. केतकीने मोदकांचं सारण केलं, उकड मी काढली, आणि आह मा "क्वे, क्वे" म्हणत सहा मोदक खाऊन गेली. तिच्याकडेही तांदळाच्या उकडीचे गोडाचे प्रकार असतात, त्यांना क्वे म्हणतात. पाकळ्या मोजक्या पडल्यात, असं तिचं मत होतं. बाई खवचट होती, म्हणूनच आमचं जमलं.

दुपारी शाळेतून आली की तन्वी वाचनालयातून आणलेलं पुस्तक घेऊन माझ्याबरोबर खाली बसायची आणि मला मोठ्याने वाचून दाखवायची. आह मा शेजारच्या टेबलावर मुगाच्या मोडांची शेपटं खुडत असायची. मोडांची शेपटं खुडून भाजी करणारे लोक मी प्रथमच पाहिले. पण खुडायला घेतल्यावर कळलं, आपण गवार निवडतो तसंच, हात चालतो आणि तोंडही चालतं.

त्या आठवड्यातलं पुस्तक अमेरिकेबद्दल होतं, तिथे इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळचं. इंग्लंडच्या रस्त्यांवरची गरीब पोरं जहाजात भरून तिकडे पाठवत. ती मालकाकडे ठरलेली वर्षं बांधलेली असत. मालकाने मारलं तर मार खायचा, पळून गेलं आणि सापडलं तर वर्षं वाढायची. करार संपेपर्यंत जगलं तर सुटका. आणि मग आफ्रिकेतून आणलेली माणसं. त्यांना करारही नव्हता आणि शेवटही नव्हता. पुढे तर त्यांची मुलं जन्माला यायची तीच मालकाची होऊन. चित्रात जहाजाच्या पोटात ओळीने निजवलेली माणसं होती. तन्वीने त्या पानावर बोट ठेवलं.

"आजी, आपल्याकडे पण असं होतं?"

"छे," मी म्हटलं. "आपल्यात असलं काही नव्हतं."

इतिहासाची निवृत्त शिक्षिका बोलली ही. वेठबिगार होती, गरिबी होती, जातीपातीचा जाच होता, हे मी तिला सांगणारच होते. पण माणसाची खरेदी-विक्री, ती कुठेतरी लांब, कापसाच्या मळ्यात. एवढ्यात शेजारच्या टेबलावरची शेपटं खुडणारी बोटं थांबलेली माझ्या लक्षात आली.

"मी," आह मा म्हणाली. "मी पण जहाज. मी पण विकलेली."

तन्वीने पुस्तक मिटलं.

ती चीनमधली, स्वातौ बंदराजवळच्या खेड्यातली. किती वर्षांची होती ते तिला सांगता येत नाही. हाताने दाखवलं, टेबलाच्या कडेएवढी. त्या वर्षी नदीचं पाणी शेतात शिरलं होतं. मावशी म्हणवणारी एक बाई आली आणि हिला घेऊन जहाजात बसली. सिंगापुरात एका व्यापाऱ्याच्या घरी हिला दिलं. अशा विकत घेतलेल्या मुलींना मुई त्साय म्हणत. त्याचा अर्थ धाकटी बहीण, असं तिनेच सांगितलं आणि त्यावर नाकाने हसली. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, पाणी भरायचं, पोरं सांभाळायची, म्हातारीचे पाय चेपायचे. पगार नाही, सुटी नाही. मोठी झाल्यावर त्याच घरच्यांनी एका नावाड्याशी तिचं लग्न लावून दिलं आणि ती सुटली.

तन्वीच्या डोक्यात पुस्तक होतंच. तिने सरळ विचारलं, "आह मा, मग तू कोणती? करारवाली की दुसरी?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं. पण आह माने प्रश्न गंभीरपणे घेतला.

"त्या पोरांना सुटायची तारीख माहीत होती," ती म्हणाली. "मला कुणी सांगितली नव्हती." आणि परत मोड खुडायला लागली.

तांजोंग पगार

चार दिवसांनी आह मानेच विचारलं, ते घर बघायचं का. मला वाटलं, घर कुठे असणार आता, पण आहे म्हणाली. शनिवारी आम्ही दोघी आणि तन्वी निघालो. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, तिला बसायला जागा द्यायला तीन जण उठले. तिने मला खाली बसवलं आणि स्वतः दांडा धरून उभी राहिली, एकदाही न डगमगता.

तांजोंग पगारला एका बाजूला केतकीच्या ऑफिससारखे काचेचे उंच मनोरे आणि त्यांच्या पायाशी जुन्या दुमजली दुकानघरांच्या रांगा. खाली दुकान, वर बिऱ्हाड, पुढे सगळ्यांचा मिळून एक सलग झाकलेला ओटा. सगळं आता डागडुजी करून लिंबू, मोरपिशी, गुलाबी रंगांत नटवलेलं. आह मा झपझप चालत एका घरापाशी थांबली. तिथे लग्नाच्या कपड्यांचं दुकान होतं. काचेत पांढरा झगा घातलेली, डोकं नसलेली बाहुली.

"हा ओटा मी पुसायचे," ती म्हणाली आणि बुटाच्या टोकाने फरशीवर टकटक केलं. "ही फरशी नवीन आहे. माझी चांगली होती."

मग ती आम्हाला मागच्या गल्लीत घेऊन गेली. प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीला लोखंडी गोल जिना. त्यावरून ती कोळसा वर न्यायची. तिने कठड्याला हात लावला, आणि मला वाटलं आता ही रडणार. मीच रुमाल काढून तयार ठेवला. ती वाकून जिन्याखाली बघत होती.

"इथे झोपायचे. खूप मोठं वाटायचं," ती म्हणाली. तिथे आता दुकानाच्या रिकाम्या खोक्यांची चळत होती. माझ्या नातीने तिचा हात धरला आणि काहीही बोलली नाही. पोरीला शहाणपण कुठून आलं कोण जाणे. आमच्या घराण्यात गप्प बसण्याची पद्धत नाही.

पुढच्या बाजूला परत आलो तर दुकानातली मुलगी दार उघडून बाहेर आली. गोड हसून म्हणाली, "या ना आत. लग्न कुणाचं आहे?"

आह माने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचं."

ती मुलगी एक क्षण गोंधळली, पण धंद्याची पक्की. माझ्या मापाचेही झगे आहेत म्हणाली. तन्वी हसून हसून ओट्यावर बसली. जिथे या बाईने लहानपणी कोळसा वाहिला त्या घराच्या दारात उभ्या राहून आम्ही तिघी पोट धरून हसत होतो.

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, आह माने मला ताउ हुए खायला घातलं. सोयाबीनच्या दुधाचं असतं, गरम, वर साखरेचा पाक. चव वेगळी, पण जिभेवर अगदी खरवसासारखं सुटतं. ते खाताना तिने मला तिच्या मनातलं सांगितलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, असं ती म्हणाली नाही, पण चमचा ज्या तऱ्हेने खाली ठेवला त्यावरून मला तसं वाटलं.

तिच्या आईचं नाव तिला माहीत नाही. लेकरू आईला आई म्हणतं, नाव कशाला विचारेल? गावाचं नाव नाही, स्वतःचं पहिलं नावही नाही. आताचं नाव त्या व्यापाऱ्याच्या घरात ठेवलेलं. देवळात पूर्वजांच्या नावाच्या पाट्या बसवतात, त्यांच्यापुढे जेवण ठेवतात. ती गेली होती. तिथल्या माणसाने विचारलं, नाव सांगा. नावाशिवाय पाटी कशी करणार? तेव्हापासून दर सातव्या महिन्यात ती रस्त्यावरच्या भटक्यांसाठी जेवण मांडते. आई त्यांच्यातच कुठेतरी असेल, या आशेवर.

"पण तिथे खूप जण असतात. धक्काबुक्की. आई बारीक होती," ती म्हणाली. "तिला मिळत असेल का?"

तिचा मुलगा चांगला आहे, दर रविवारी येतो, पण तो चर्चमध्ये जातो. तिच्यामागे हे कुणी करणार नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते तिच्या हयातीतच व्हायला हवं होतं.

मी शिक्षिका. मला कुणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय. तिथे मी आणखी एक वाटी ताउ हुए मागवलं.

पितृपक्ष

यजमानांची तिथी नेमकी रविवारी आली. काळे तीळ, दर्भ, केळीची पानं, सगळं लिटल इंडियात मिळालं, ठाण्यापेक्षा ताजं. गुरुजी मात्र ठाण्यातच होते. लॅपटॉप पाटावर ठेवला आणि स्काइपवरून महालय सुरू झाला. मधे मधे गुरुजी तोंड उघडं ठेवून गोठायचे. निखिल पळी हातात धरून थांबायचा आणि मग तीन मंत्र एकदम यायचे.

तन्वी शेजारी मांडी घालून बसली होती आणि प्रत्येक गोष्टीचा अर्थ विचारत होती. गुरुजी हौशी, त्यांना आवडलं असावं. वडील, आजोबा, पणजोबा झाले, आईकडचे झाले, काका, आत्या, मामा झाले. शेवटी एक वेगळा पिंड आला.

"हा धर्मपिंड बरं का बाळ," पडद्यावरून गुरुजी म्हणाले. "ज्यांचं कुणी करणारं नाही त्यांचा. दोन्ही कुळांतले आपले दास, चाकर, आश्रित, मित्र, अगदी गाईगुरं, झाडंसुद्धा. ज्यांनी आपल्यासाठी केलं, ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, ते सगळे."

"दास म्हणजे स्लेव्ह ना?" तन्वीने माझ्याकडे वळून विचारलं. "आजी, तू म्हणालीस आपल्यात नव्हतं."

निखिलच्या हातातली पळी थांबली. गुरुजी नेमके तेव्हाच गोठले, नाहीतर त्यांनी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती.

लहानपणापासून दर वर्षी मी हा मंत्र ऐकत आले. आधी वडिलांच्या तोंडून, मग सासऱ्यांच्या, मग यजमानांच्या. पेशवाईत पुण्याच्या घराघरांतून कुणबिणी राबत होत्या, विकत घेतलेल्या, आंदण दिलेल्या, हे मी वाचलेलं होतं. पण ते वाचलेलं एका खोलीत आणि हा मंत्र दुसऱ्या खोलीत, मधलं दार कधी उघडलंच नाही. आमच्या दोन्ही कुळांत दळायला, पाणी भरायला, म्हातारीचे पाय चेपायला कोण होतं? तीही कुणाची तरी टेबलाच्या कडेएवढी मुलगी असेल. तिचं नाव आम्हाला माहीत नाही, म्हणून ती या शेवटच्या पिंडात.

"होत्या गं," मी तन्वीला म्हटलं. "आपल्यातही होत्या. मी चुकीचं सांगितलं."

गुरुजी परत हलायला लागले तेव्हा मी त्यांना विचारलं, "गुरुजी, जिचं नाव, गाव, गोत्र काही माहीत नाही, आणि जी आपल्या कुळातलीही नाही, अशा बाईचा घास ठेवला तर चालतो का?"

"सुनंदाताई, अशांसाठीच तर सर्वपित्री अमावास्या आहे," गुरुजी म्हणाले. "मनात धरा आणि ठेवा."

"आणि इथे कावळा फिरकत नाही हो. साळुंक्याच आहेत."

गुरुजींनी थोडा विचार केला. "आता परदेशात कावळ्याचा आग्रह कसा धरणार? जो येईल त्याला कावळा म्हणायचं."

मी तशीच उठून तिसऱ्या दारात गेले. आह मा भात जेवत होती. मी तिला सगळं सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा घाईत माझं इंग्रजी फारच शुद्ध झालं. तिने ऐकून घेतलं.

"नाव लागत नाही?"

"नाही."

"आई चिनी आहे."

"चालतं. इथे झाडंसुद्धा चालतात."

तिने भाताची वाटी बाजूला ठेवली. मग हळूच होकाराची मान हलवली. मी लगेच कामाला लागले, माझा स्वभावच तो. म्हटलं, आमच्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतात. यांच्यासाठी मी नेहमी भाजणीचे वडे करते. तुझ्या आईला काय आवडायचं?

"माहीत नाही," आह मा म्हणाली. "आईला खाताना मी कधी पाहिलंच नाही."

नंतर तिने ती एकच गोष्ट सांगितली. जायच्या दिवशी सकाळी आईने तिला उकडलेलं रताळं दिलं. अख्खं. एरवी अर्धं मिळायचं. आई म्हणाली, तू खाऊन घे, मी आलेच. हिने खाल्लं नाही. आई आली की दोघींनी खायचं म्हणून सदऱ्यात धरून ठेवलं. ते जहाजावर खराब झालं, तेव्हा त्या मावशी म्हणवणाऱ्या बाईने हातातून काढून पाण्यात टाकलं.

मी म्हटलं, "मग रताळंच करू."

सर्वपित्री अमावास्या

त्या दिवशी तन्वीला बालदिनाची सुटी होती आणि निखिलने अर्धी रजा काढली होती. मी पहाटेपासून स्वयंपाकघरात. खीर, वडे, अळूची भाजी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, कढी. आणि एका पातेल्यात हौगांगच्या बाजारातलं, आह माने स्वतः दाबून, वास घेऊन निवडलेलं एक रताळं. ती सकाळीच येऊन बसली होती. घास शिवेपर्यंत आम्ही काही खात नाही असं मी आधी सांगितलं होतं, त्यामुळे तिनेही काही खाल्लं नव्हतं. मी चहा पुढे केला तर हाताने दूर सारला.

घास कुठे ठेवायचा यावर निखिलला घाम फुटला. पक्ष्यांना खायला घालू नका, दंड होईल, अशी पाटी लिफ्टपाशीच लावलेली होती. "आई, माझा पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज सरकारकडे पडलाय," तो म्हणाला. "कुणी फोटो काढला तर?"

आह माने त्याच्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. घरी जाऊन उदबत्त्यांचा पुडा घेऊन आली. पानाशेजारी उदबत्ती लावली की ती पूजा, तिला कुणी काही म्हणत नाही, असं तिचं म्हणणं. मग तिने गवतावर तसंच वर्तमानपत्र अंथरलं, मी त्यावर केळीचं पान मांडलं. एका बाजूला यजमानांचा घास, मधे दोन्ही कुळांतल्या त्या नाव नसलेल्या मुलींचा, आणि कडेला, तुपाचा थेंब सोडलेलं, सोललेलं रताळं. निखिलने पाणी फिरवलं. आम्ही मागे सरून उभे राहिलो.

काही आलं नाही. पहिल्या दिवशी भातावर तुटून पडलेल्या साळुंक्या झाडावर बसून गप्पा मारत होत्या, एकही खाली उतरेना. ऊन चढलं. केतकीचा ऑफिसमधून फोन आला, शिवला का? निखिल म्हणाला, नाही अजून. तन्वीने "काव, काव" करून पाहिलं. मग मीही. आणि मग आह मा, पंखा हातात घेऊन, चक्क तीसुद्धा, "काव, काव."

"का नाही येत?" तिने मला विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. "खूप गर्दी?"

मी तिला आमच्याकडचं सांगितलं. घास शिवला जात नाही तेव्हा गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलेलं असतं. मुलांत, घरात, राहून गेलेल्या कामात. मग घरचं कुणीतरी पुढे होतं आणि मोठ्याने सांगतं, काळजी करू नका, आम्ही बघतो. मी यांना सांगितलं, निखिलचा अर्ज मंजूर होईल, माझं गुडघ्याचं औषध चालू आहे, काळजी नको. मग आह माला म्हटलं, "तुझी आई कशात अडकली असेल ते तुलाच ठाऊक. तिच्याशी तुझ्या भाषेत बोल."

ती पुढे झाली. पानासमोर उकिडवी बसली, त्या पहिल्या दिवशी बसली होती तशीच. मग तिच्या गावाकडच्या तिओच्यू बोलीत दोनच छोटी वाक्यं बोलली, आवाज न चढवता, जशी पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावीत. आणि तशीच बसून राहिली.

एक साळुंकी उतरली. वडा, खीर, भात, कशाकडे न बघता तिने रताळ्याला चोच मारली आणि तुकडा घेऊन उडाली. मग बाकीच्या उतरल्या. निखिलने सुटकेचा श्वास सोडला. तन्वी टाळ्या वाजवायला लागली होती, पण आह माकडे पाहून तिने हात खाली घेतले.

मी जाऊन तिला उठायला हात दिला. "काय म्हणालीस आईला?" मी विचारलं.

"म्हणाले, आई, मी जेवले. आता तू जेव."

सकाळपासून तिच्या पोटात चहाचा घोटसुद्धा नव्हता. मी तिचा हात सोडला नाही, तसाच धरून तिला वर जेवायला घेऊन गेले.